रुळावर रंगवलेला आकडा आणि रुळातला खरा आकडा: रेल्वेच्या इंजिनिअरिंग खात्याला खुलं पत्र

नमस्कार साहेब,

नेमके कुठले साहेब म्हणाल तर सगळेच. दिल्लीत रेल्वे बोर्डात ट्रॅकचं बघणारे, लखनौला आरडीएसओमध्ये (रेल्वेच्या संशोधन संस्थेत) ड्रॉइंग काढणारे, झोनचे, डिव्हिजनचे डीईएन-एईएन हे इंजिनिअर, आणि सगळ्यात खाली सेक्शनवर बसलेला एसएसई पी-वे, म्हणजे ट्रॅक सांभाळणारा सेक्शन इंजिनिअर. त्या शेवटच्या खुर्चीत मी स्वतः बरीच वर्षं बसलोय, विदर्भात, त्यामुळे हे पत्र काही प्रमाणात मलाच आहे असं समजा. रिटायर झालो, पेन्शन सुरू आहे, आता कोणी मेमो देऊ शकत नाही, म्हणून जरा मोकळं लिहितोय.

विषय उन्हाळ्याचा आहे. दरवर्षी एप्रिल उजाडला की सर्क्युलर निघतं, उन्हाळी पेट्रोलिंग सुरू करा, रूळाचं तापमान बघा, बकलिंगपासून (रूळ तापून बाजूला वाकण्यापासून) सावध राहा. सर्क्युलर बरोबरच असतं, तक्रार त्याची नाहीये. तक्रार अशी की त्या सर्क्युलरमधला सगळा हिशोब ज्या एका आकड्यावर उभा आहे, म्हणजे रूळ कुठल्या तापमानाला ताणमुक्त आहे तो आकडा, तो आपण परत मोजतच नाही. एकदा रुळाच्या वेबवर (मधल्या उभ्या पट्टीवर) पांढऱ्या पेंटने लिहिला की लिहिला, नंतर त्याला हात लावायचा तो फक्त पेंट उडाला तर.

जे लोक रेल्वेतले नाहीत आणि हे वाचतायत त्यांच्यासाठी थोडं सांगतो, साहेबांनी हा भाग सोडून दिला तरी चालेल. पूर्वी रूळ १३ मीटरचे असायचे, दोन रुळांच्या मध्ये फट, तीच ती गाडीतली खटखट. १३ मीटरच्या रुळाचं तापमान ३० अंशांनी वाढलं तर तो साडेचार मिलिमीटर वाढतो, ती वाढ त्या फटीत मावायची. आता तसं नाही, रूळ एकमेकांना वेल्ड करून किलोमीटरच्या किलोमीटर सलग टाकलेले असतात, त्याला आम्ही एलडब्ल्यूआर म्हणतो. मोकळा सोडला तर एक किलोमीटर रूळ ३० अंशाला जवळजवळ साडेचौतीस सेंटिमीटर वाढेल, फूटभरापेक्षा जास्त. पण आपण त्याला मोकळा सोडतच नाही ना, क्लिपा मारून स्लीपरला धरलेला, स्लीपर गिट्टीत रुतलेला, म्हणजे रुळाला वाढायचंय आणि जागा नाहीये, मग ती वाढ आतल्या आत दाब होऊन बसते. मीटरला ६० किलो वजनाच्या रुळात दर अंशामागे साधारण १.९ टन. एका रुळात, एका अंशाला. नुसत्या टोकाला एसईजे (सरकता सांधा) असतो तिथे थोडं सरकायला मिळतं, मधला भाग जागच्या जागी दात ओठ खाऊन उभा असतो.

लोक विचारतात मग गॅप का ठेवत नाही तुम्ही. अरे बाबा गॅप ठेवली की तिथे चाक आपटतं, रूळ तिथेच ठेचला जातो, फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी पट्टी) फाटते, आणि मेंटेनन्स करता करता गँगचा, म्हणजे ट्रॅकच्या कामगारांचा, जीव जातो. सलग रूळ चांगलेच आहेत, त्यात वाद नाही. फक्त त्यांचं गणित सांभाळावं लागतं.

आणि हो, रूळ वितळत नाहीत. जून २०२३ मध्ये लखनौजवळ निगोहानला लूप लाइनवर नीलाचल एक्सप्रेसच्या ड्रायव्हरला झटका जाणवला, रूळ वाकलेला निघाला, आणि बातम्यांमध्ये काय आलं तर "गर्मीने रूळ वितळले". पोलाद वितळायला १५०० अंशाच्या आसपास लागतात हो. ६०-६५ अंशाला रूळ वितळत नाही, तो बाजूला पळतो, आणि का पळतो हे समजून घ्यायचं सोडून सगळे सूर्याकडे बोट दाखवून मोकळे होतात.

असाच एक फॉरवर्ड दर मे महिन्यात येतो, की लंडनमध्ये ४० अंशाला गाड्या बंद पडल्या आणि आपल्या नागपुरात ४७ ला धावतात, बघा आपली रेल्वे. (नागपूरचा रेकॉर्ड ४७.९ आहे, २३ मे २०१३ चा, त्या दिवशी मी ड्युटीवर होतो आणि त्यात अभिमान वाटावा असं काहीही नव्हतं.) त्यांच्याकडे रूळ २७ अंशाला ताणमुक्त ठेवतात कारण त्यांना हिवाळा सांभाळायचाय, आपल्याकडे ते तापमान त्याच्यापेक्षा बरंच वर ठेवतात कारण आपल्याला मे महिना सांभाळायचाय. म्हणजे प्रश्न हवेत किती आहे हा नाहीच, रूळ कुठल्या तापमानाला निवांत होता आणि आता तिथून किती वर गेलाय हा आहे. त्या निवांत तापमानालाच आपण डीस्ट्रेसिंग टेम्परेचर म्हणतो, बोलताना नुसतं टीडी. रुळावर पेंटने लिहिलेला आकडा तो हाच.

आता माझ्याच सेक्शनची गोष्ट सांगतो. जागा सांगत नाही, वर्ष पण राहू द्या, चूक माझी होती एवढं पुरे.

मे महिना, दुपारचे साधारण बारा. एका वळणावरून कीमनचा (रोज पायी ट्रॅक तपासणाऱ्या माणसाचा) फोन आला, साहेब जरा येऊन बघा. मी म्हटलं काय झालं, तर म्हणाला झालं काही नाही अजून, पण स्लीपर सरकल्यासारखा वाटतोय. हा माणूस माझ्यापेक्षा वयाने मोठा, उगाच फोन करणारा नाही. गेलो. रुळाला डोळा लावून पाहिलं तर लांबून काही कळत नव्हतं, वळण वळणासारखंच दिसत होतं. मग तो मला वळणाच्या आतल्या बाजूला घेऊन गेला, खाली उकिडवा बसला आणि स्लीपरच्या आतल्या टोकाशी बोट दाखवलं. स्लीपर आणि गिट्टी यांच्यामध्ये फट होती, नख जाईल एवढी, आणि बाहेरच्या टोकाला गिट्टी किंचित फुगलेली. ओळीने दहा-बारा स्लीपरना तसंच. पावणेतीनशे किलोच्या आसपास वजनाचा एकेक काँक्रीटचा स्लीपर, तो गिट्टी ढकलत बाहेर निघाला होता. गिट्टीवर धूळ बसते तो रंग वेगळा असतो आणि फटीत जी ताजी बाजू उघडी पडते तिचा रंग वेगळा, त्याने तेवढ्यावरून ओळखलं होतं.

थर्मामीटर लावला, ५८. वेबवर टीडी लिहिलेला ४१. नियम सांगतो टीडीच्या २० वर गेलं की उन्हाळी पेट्रोलिंग, म्हणजे ६१ ला. कागदावर आमच्याकडे अजून तीन अंश शिल्लक होते! कागदाच्या हिशोबाने पेट्रोलमन पण लागत नव्हता आणि इथे ट्रॅक निघालेला चालायला. तो कीमन तिथे होता तो त्याच्या रोजच्या बीटमुळे, पेट्रोलिंगमुळे नाही. लाल झंडी लावून गाडी अडवली, मग ३० चा कॉशन (वेगमर्यादा) घातला, गँग बोलावून शोल्डरला (स्लीपरच्या टोकाबाहेरच्या गिट्टीला) गिट्टी ओढली, आणि दुपारभर तिथेच उभे राहिलो. चार वाजेपर्यंत रूळ ६४ ला गेला.

संध्याकाळी ऑफिसला येऊन जुनी रजिस्टरं काढली. डिसेंबरमध्ये त्याच वळणाजवळ बाहेरच्या रुळाचं एक वेल्ड तुटलं होतं. पहाटेची थंडी, रूळ आखडलेला, तुटल्याबरोबर फट उघडली. ते तसं होणारच, थंडीत रूळ ताणात असतो. रात्री क्लॅम्प-फिशप्लेट लावून गाड्या काढल्या आणि तीन दिवसांनी ब्लॉक (कामासाठी गाड्या थांबवून मिळणारा वेळ) मिळाला तेव्हा तुकडा टाकून दोन वेल्ड केले. टेन्सर (रूळ ओढून ताणायचं यंत्र) त्या दिवशी दुसऱ्या सेक्शनला गेलेला होता. ब्लॉक परत कधी मिळेल माहीत नाही, मग काय, आहे त्या फटीत बसेल एवढा तुकडा टाकला आणि वेल्ड मारलं. रजिस्टरला काय लिहिलं? "रेल फ्रॅक्चर, पर्मनंट रिपेअर डन." सही माझी.

साहेब, तुम्हाला कळलं असेल काय झालं ते. थंडीने जी फट उघडली होती ती रुळाचीच होती, ती टेन्सरने ओढून परत मिटवायची होती. आम्ही तिच्यात लोखंड भरलं. म्हणजे त्या ठिकाणी रुळात लोखंड जास्त झालं. डिसेंबरात ते गुपचूप बसलं, जानेवारीत बसलं, आणि मे महिन्यात जागा मागायला लागलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ब्लॉक घेतला. कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूला ५०-५० मीटर क्लिपा काढल्या, पण त्याआधी एक काम केलं जे खरं तर प्रत्येक वेळी करायला हवं, कापायच्या जागेच्या अल्याड-पल्याड पंचने दोन खुणा मारल्या बरोबर एक मीटरवर. रुळाचं तापमान ३१. आता टीडी खरंच ४१ असता तर ३१ ला रूळ दहा अंशाने ताणात असायला हवा होता, आणि मोकळ्या सोडलेल्या १०० मीटरला कापल्याबरोबर साडेअकरा मिलिमीटर फट उघडायला हवी होती. डिस्क कटर आरपार गेला. सगळे वाकून बघतोय. काहीच नाही. कटरच्या पातीची जी रेघ पडली तेवढीच. पट्टी लावली, खुणेपासून खुणेपर्यंत एक मीटर, जसंच्या तसं. म्हणजे तो रूळ ३१ लाच निवांत होता. रुळावर लिहिलेलं ४१, रुळात ३१.

आता परत हिशोब करा. आम्ही समजत होतो ५८ ला रूळ १७ अंश वर आहे, साधारण ३२ टन. प्रत्यक्षात तो २७ अंश वर होता, ५१ टन. आणि चार वाजता ६४ ला ३३ अंश, म्हणजे ६३ टनाच्या आसपास, मालगाडीचं अर्धं वॅग-नाईन इंजिन एका रुळात आडवं दाबून भरल्यासारखं. ते पण वळणावर, जिथे दाबाला बाहेर ढकलायला आयती दिशा मिळते. त्या पहाटे आम्ही टेन्सरने ओढून साडेअकरा मिलिमीटर लोखंड कमी केलं आणि वेल्ड केलं. साडेअकरा मिलिमीटर म्हणजे किती, माझ्या करंगळीची जाडी. तेवढ्यासाठी एखादी गाडी पडली असती.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की वेबवरचा टीडी हा त्या दिवशीचा आकडा असतो ज्या दिवशी डीस्ट्रेसिंग झालं, म्हणजे रूळ ताणमुक्त करून बसवला. त्यानंतर रूळ तुटला, कापला, अल्ट्रासॉनिकमध्ये खराब निघाला म्हणून तुकडा बदलला, वळण आत-बाहेर सरकलं, उतारावर ब्रेक मारून मारून गाड्यांनी रूळ पुढे ढकलला, यातल्या प्रत्येक गोष्टीने तो बदलतो आणि बहुतेक वेळा खालीच येतो. कारण दुरुस्त्या थंडीत जास्त होतात आणि घाईत होतात. आणि आपण मात्र एप्रिलमध्ये त्या जुन्या आकड्यात २० मिळवून पेट्रोलिंग ठरवतो.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये १८ एप्रिल २००२ ला ऑटो ट्रेन घसरली, क्रेसेंट सिटीजवळ, चार प्रवासी गेले. त्यांच्या एनटीएसबी या अपघात तपासणाऱ्या संस्थेच्या तपासात कारण निघालं ते बकलिंग, आणि बकलिंगचं कारण ट्रॅकचं काम नीट न झालेलं, वळणाची अलाइनमेंट बिघडलेली, ट्रॅकला पुरेशी पकड नाही आणि काम झाल्यावर रुळाचं न्यूट्रल टेम्परेचर (आपला टीडीच) परत जागेवर आणलेलं नाही. तारीख बघा साहेब, एप्रिल. भर उन्हाळा पण नव्हता. टीडी खाली आलेला असला की मे महिन्याची वाट बघावी लागत नाही.

मग मोजायचं कसं. इथे आला की लगेच मोठमोठ्या मशिनींची नावं निघतात. मशिनी आहेत, चांगल्या आहेत. साधारण तीसेक मीटर क्लिपा काढून मध्ये रूळ उचलायचा आणि किती जोर लावला तर किती उचलला यावरून आतला ताण काढायचा, अशी एक पद्धत इंग्लंडवाल्यांची आहे, रूळ कापावा लागत नाही. पण ती रूळ ताणात असतानाच चालते, म्हणजे थंडीत किंवा पहाटे, दुपारी नाही. स्ट्रेन गेज आहेत, मॅग्नेटिक पद्धती आहेत. आणा, जरूर आणा, निदान वळणं, पुलांची टोकं, लेव्हल क्रॉसिंगच्या आजूबाजूला आणि जिथे मागच्या थंडीत रूळ तुटलेत तिथे वापरा. पण ते येईपर्यंत काय? कारण ते येईपर्यंत चार उन्हाळे जातील हे तुम्हालाही माहीत आहे.

आपल्याकडे जे आधीपासून आहे त्याच्यात पण बरंच कळतं हो. रूळ लांबीच्या दिशेने सरकतो त्याला क्रीप म्हणतात, तो मोजायला क्रीप पोस्ट आहेत, दोन्ही बाजूच्या खुंट्यांना दोरी ताणली की रूळ खुणेपासून किती सरकला ते दिसतं. मधल्या भागात रूळ सरकायलाच नको, २० मिलिमीटरच्या वर गेला तर काहीतरी गडबड आहे, शोध घ्या. एसईजेची फट आहे, रुळाच्या तापमानाबरोबर तिचा हिशोब लागतो. दोन पोस्टमध्ये एका टोकाला रूळ आत आला आणि दुसऱ्या टोकाला बाहेर गेला नाही तर मधे लोखंड दाटलंय, हे सांगायला कॉम्प्युटर लागत नाही. पण त्यासाठी दोरी ताणली पाहिजे ना. मी खरं सांगतो, आणि जे आजही नोकरीत आहेत ते मनातल्या मनात मान डोलवतील, कितीतरी क्रीप रजिस्टरं ऑफिसात पंख्याखाली बसून भरली जातात, मागच्या वेळचा आकडा घ्यायचा आणि दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे करायचे. मी पण केलंय. एकदा नाही.

का करतात हे पण लिहितो, कारण इथे साहेबलोकांचा हात आहे. खरा आकडा लिहिला, समजा २६ मिलिमीटर, तर दुसऱ्या दिवशी फोन येतो की इतका क्रीप कसा आला, काय करत होतात इतके दिवस, लेखी कारण द्या. डीस्ट्रेसिंगला ब्लॉक मागितला तर ऑपरेटिंगवाले म्हणतात कोळशाच्या गाड्या उभ्या आहेत, पुढच्या आठवड्यात बघू. कॉशन घातला तर पंक्चुअलिटीच्या मीटिंगमध्ये आमचं नाव. म्हणजे खरं मोजणाऱ्याला तीन त्रास आणि खोटं आठ मिलिमीटर लिहिणाऱ्याला एकही नाही. मग माणूस काय लिहील? तुमचा मुलगा असता तर त्याला काय सल्ला दिला असता?

तेव्हा पहिली विनंती ही आहे की खरा वाईट आकडा देणाऱ्याला त्या आकड्यासाठी मेमो देऊ नका. ब्लॉक द्या. आणि ज्या सेक्शनमधून वर्षानुवर्षं एकही वाईट आकडा येत नाही तिथे पहाटे अचानक दोरी घेऊन जा.

दुसरी, लोखंडाचा हिशोब ठेवा. हे इतकं साधं आहे की सांगायला लाज वाटते. जिथे जिथे रूळ कापला जाईल तिथे कापायच्या आधी दोन्ही बाजूला पंचच्या खुणा, त्यांच्यातलं अंतर, रुळाचं तापमान, किती फट उघडली, किती लांबीचा तुकडा काढला, किती टाकला, वेल्डला २५-२५ मिलिमीटर गेले, शेवटी खुणेपासून खुणेपर्यंत किती. आत किती गेलं आणि बाहेर किती आलं. किराणा दुकानदार सुद्धा पोत्यांचा हिशोब ठेवतो, आपण रुळाचा ठेवत नाही. मॅन्युअलमध्ये खुणा मारून अंतर मोजायचं लिहिलेलं आहे हे मला माहीत आहे, मॅन्युअल काढून दाखवू नका, फील्डवर रजिस्टर काढून दाखवा. आणि जास्तीचं लोखंड गेलं असेल तर तिथेच वेबवर पेंटने लिहा, तारीख आणि मिलिमीटर, म्हणजे पुढच्या कीमनला, पुढच्या पीडब्ल्यूआयला (ट्रॅकच्या इन्स्पेक्टरला) कळेल की या जागेवर उन्हाळ्याआधी यायचंय. मी माझ्या शेवटच्या काही वर्षांत असं लिहून ठेवायचो. एका इन्स्पेक्शनला एका साहेबांनी विचारलं हे काय रंगवून ठेवलंय, ट्रॅकचा लुक खराब होतो. असो.

तिसरी गोष्ट टॅम्पिंगची. एप्रिल-मे मध्ये टॅम्पिंग मशीन (स्लीपरखाली गिट्टी ठासणारं) नाहीतर बीसीएम (गिट्टी साफ करणारं) एखाद्या एलडब्ल्यूआरवरून जातं, गिट्टी हलते, आणि हललेली गिट्टी स्लीपरला आधीसारखी धरत नाही. मेंटेनन्सचं काम टीडीच्या वर १० अंशापर्यंतच करायचं, हा नियम सगळ्यांना पाठ आहे. पण कुठल्या टीडीच्या वर? पेंटच्या का रुळातल्या? माझ्या त्या वळणावर पेंटच्या हिशोबाने ५१ पर्यंत काम चाललं असतं आणि खरी हद्द होती ४१, जी मे महिन्यात सकाळी नऊ-साडेनऊलाच ओलांडली जाते. काम झाल्यावर डीटीएस (हललेली गिट्टी परत बसवणारं मशीन) फिरवा, फिरवता येत नसेल तर मशीन त्या दिवशी त्या ठिकाणी नेऊच नका. शोल्डर सरळीत ३५० आणि वळणाच्या बाहेर ५०० मिलिमीटर पाहिजे ही गोष्ट पण कागदावर कधीच कमी नसते. जाऊन बघा, गावाच्या जवळ जिथे लोक ट्रॅकच्या कडेने येजा करतात तिथे पायवाट पडून शोल्डर खाली बसलेला असतो, बकऱ्या चढून चढून गिट्टी घसरलेली असते. बकऱ्यांना ५०० मिलिमीटर माहीत नाही.

थर्मामीटरचं पण बोलायला हवं. ३० मे २०२४ ला नागपुरात ५६ अंश अशी बातमी आली होती आठवतंय? नंतर हवामान खात्याने सांगितलं सेन्सर बिघडलेला होता. त्या दोन दिवसात मला निदान वीस जणांनी विचारलं की रूळ किती तापले असतील. हवामान खात्याचा सेन्सर बिघडू शकतो तर आपल्या चौकीतला थर्मामीटर का नाही बिघडणार, त्याचं कॅलिब्रेशन शेवटचं कधी झालं हे कोणाला माहीत असतं? आता नवीन पिढी ते इन्फ्रारेडचं पिस्तूल घेऊन येते, रुळाच्या चकचकीत डोक्यावर रोखते आणि आकडा सांगते. चकचकीत लोखंडावर ते कमी दाखवतं रे बाबांनो. गंजलेल्या वेबवर, सावलीच्या बाजूला धरा. तेवढं एक शिकवलं तरी पुष्कळ फरक पडेल.

रूळ पांढरे रंगवायचं पण मधून मधून निघतं, इटलीत इंग्लंडमध्ये करतात. होतो फायदा, काही अंशांचा. पॉइंट-क्रॉसिंगच्या (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते त्या) जागी करायला हरकत नाही. पण आत दहा अंशाचा घोटाळा असताना वरून चुना फासणं हे... तुम्ही सुज्ञ आहात.

आणि जो माणूस हे सगळं मोजणार त्याचं काय. मे महिन्यात दुपारी एक वाजता विदर्भात रुळावरून सहा-सात किलोमीटर चालून बघा. खालून गिट्टी भाजते, रूळ हाताला लागला तर चटका बसतो, डोळ्यासमोर सगळं हलतं, त्या हलणाऱ्या हवेतून रूळ वाकलाय का सरळ आहे ते ओळखायचं. खांद्यावर पाना, हातोडा, झंड्या, डेटोनेटरचा डबा, आणि पाण्याची बाटली एक लिटरची जी अर्ध्या तासात गरम होते. ट्रॅक मेंटेनर असं नवीन नाव दिलं तुम्ही गँगमनला, चांगलं केलं, पण सावली तीच आहे, म्हणजे नाहीच. हॉट वेदर पेट्रोलिंगवाल्याला दर किलोमीटरला माठ आणि बसायला चार पत्रे एवढं तरी करा. उन्हाने चक्कर आलेला माणूस स्लीपरच्या टोकाची नखाएवढी फट बघू शकत नाही.

मोजणी उन्हाळ्यात नकोच, हे पण लक्षात घ्या. माझं म्हणणं आहे की थंडीत जिथे जिथे रूळ तुटला किंवा कापला त्या जागांची यादी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात हातात पाहिजे. ती लांबलचक नसते, एका सेक्शनला हातावर मोजण्यासारख्या जागा. फेब्रुवारीतच त्या प्रत्येक जागेवर पहाटे जाऊन क्रीप, एसईजे, शंका असेल तर कापून खरा टीडी बघा आणि मार्चमध्ये टेन्सर लावून जागेवर आणा. ज्या जागा राहतील तिथे पेट्रोलिंग खऱ्या आकड्यावर लावा, म्हणजे खरा ३१ निघाला तर ५१ ला माणूस ट्रॅकवर पाहिजे. यात नवीन पोस्ट नाही, नवीन टेंडर नाही. दोन टेन्सर जास्त लागतील फार तर.

पुण्याला इरिसेन या रेल्वेच्या ट्रेनिंग संस्थेत तरुण इंजिनिअर ट्रेनिंगला येतात, हुशार मुलं असतात, गणित माझ्यापेक्षा चांगलं येतं त्यांना. त्यांना एलडब्ल्यूआरचा चॅप्टर शिकवताना एकदा पहाटे चार वाजता कुठल्यातरी सेक्शनवर आणा, रूळ कापायचा असेल तेव्हा. कापायच्या आधी प्रत्येकाला वहीत लिहायला सांगा किती फट उघडेल. मग कटर चालवा.

आमचा तो कीमन पण आता रिटायर झालाय, मध्ये एका लग्नात भेटला. जेवताना तोच विषय. मी म्हटलं तुम्ही त्या दिवशी फोन नसता केला तर माझी नोकरी गेली असती. तो म्हणाला, साहेब, नोकरीचं सोडा, साडेबाराची पॅसेंजर होती ना मागे.

आपला,
एक रिटायर्ड पी-वे वाला

ता.क. चुंबकवाला डायलचा थर्मामीटर रुळाला लावल्या लावल्या वाचू नका. निदान आठ मिनिटं चिकटून राहू द्या. आणि रुळाच्या तुकड्यात बसवलेला जो पाऱ्याचा असतो, तो चौकीतून आणून उन्हात ठेवला असेल तर अर्धा तास. तेवढ्यात चहा होतो.